शिकारी रायफलीची सेफ्टी : प्रस्तावना

मराठी वाचकाला शिकारकथा नवीन नाहीत. मचाण, हाका, पाणवठ्यावरची रात्र, जखमी जनावराचा माग हे सारे आपण शाळेत असल्यापासून वाचत आलो. जिम कॉर्बेट मराठीत आला त्यालाही आता बरीच वर्षे झाली. या कथांत रायफल सतत असते, पण तिच्याकडे आपले लक्ष जाते ते बार उडण्याच्या क्षणी. त्याआधी कित्येक तास ती भरलेली असते, कुणाच्या तरी खांद्यावर असते, ओढे ओलांडते, जाळीत अडकते, दगडावर टेकवली जाते. एवढ्या वेळात ती गप्प कशी राहते? तिला गप्प ठेवणारा जो बोटभर लोखंडी भाग आहे, त्याला रायफल वापरणारे सेफ्टी म्हणतात. हे पुस्तक त्याच भागाविषयी आहे.

एवढ्याशा भागावर पुस्तक कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. माझे उत्तर असे की बंदुकीच्या बाकीच्या भागांकडून आपण एकच अपेक्षा करतो. नळीने गोळी सरळ न्यावी, दस्त्याने धक्का खांद्यावर नीट पोचवावा, चापाने बार उडवावा. सेफ्टीकडून मात्र दोन उलट अपेक्षा असतात. तिने बार अजिबात उडू देऊ नये आणि हवा तेव्हा विनातक्रार, विनाआवाज, पापणी लवायच्या आत उडू द्यावा. गेली सव्वाशे वर्षे नामांकित कारागीर या दोन अपेक्षांचा मेळ घालत आहेत. जर्मन, इंग्रज, अमेरिकन, फिनिश अशा प्रत्येकाने वेगळा मेळ घातला, आणि त्या प्रत्येक रचनेत तिच्या कर्त्याला कोणत्या अपघाताची सर्वांत जास्त भीती वाटत होती ते वाचता येते. मला या विषयाची गोडी लागली ती यामुळे. तुम्हालाही लागावी अशी इच्छा आहे.

भारतीय वाचकाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचे दिवस संपले, आणि ते संपले हे योग्यच झाले. त्यामुळे हे पुस्तक शिकार शिकवत नाही. पण रायफली राहिल्या. परवानाधारकांच्या घरी आजही .३१५ बोअरची रायफल दिसते. इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली ही रायफल ब्रिटिश ली-एनफिल्डच्या, म्हणजे आपल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या, रचनेवर बेतलेली आहे. .३०३ चे काडतूस सैन्याचे असल्याने नागरिकांसाठी हे वेगळे काडतूस निवडले गेले. संस्थानिकांच्या जुन्या शस्त्रागारांतून इंग्लंडहून मागवलेल्या जोडनळीच्या रायफली आहेत. नेमबाजी तर महाराष्ट्राचा आवडता खेळ झाला आहे; कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा रायफल या वस्तूकडे पुष्कळांनी पहिल्यांदाच कौतुकाने पाहिले. ज्यांच्या घरात, संग्रहात किंवा क्लबात रायफल आहे त्यांच्यासाठी हा विषय व्यवहाराचा आहे. इतरांसाठी तो यंत्ररचनेचा आहे, आणि यंत्ररचनेची आवड असायला परवाना लागत नाही.

आता थोडे रायफलीच्या पोटात शिरू. बोल्ट असलेल्या रायफलीत बोल्टच्या आत एक फायरिंग पिन असते आणि तिच्यामागे जोरदार स्प्रिंग. बोल्ट चालवला की ही स्प्रिंग ताणली जाते. पिनच्या मागच्या टोकाला कॉकिंग पीस नावाचा ठोकळा असतो आणि त्याला सिअर नावाचे छोटे लोखंडी बोट अडवून धरते, ताणलेली प्रत्यंचा तिरंदाजाच्या बोटांनी धरून ठेवावी तसे. चाप ओढला की सिअर खाली सरकतो, पिन सुटते, काडतुसाच्या बुडावर आदळते आणि बार उडतो. म्हणजे बार थोपवायच्या जागा मोजक्याच आहेत. चाप अडवा, सिअर अडवा, किंवा खुद्द पिनच अडवा. सेफ्टीच्या बहुतेक सगळ्या रचना या तीन घराण्यांत बसतात.

नवख्या वाचकांनी सुरुवातीलाच मनाशी ठेवावे असे एक तत्त्व आहे. अडवण्याची जागा पिनच्या जितकी जवळ, तितकी सेफ्टी भरवशाची. नुसता चाप अडवणारी सेफ्टी बोटाला थांबवते, पण रायफल खडकावर पडून सिअर झटक्याने निसटला तर ती काही करू शकत नाही. सिअर धरणारी सेफ्टी त्याहून बरी. पिन किंवा कॉकिंग पीस धरणाऱ्या सेफ्टीला मात्र चाप आणि सिअर यांच्यात काय बिघडले आहे याच्याशी कर्तव्यच नसते. दुकानात किंवा चर्चेत सेफ्टीची तुलना बहुधा ती कुठे बसवली आहे यावरून होते: बोल्टवर आहे की बाजूला, अंगठ्याखाली येते की नाही. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ती काय अडवते हा प्रश्न त्यांच्या आधीचा आहे.

या दृष्टीने पाहिले तर अभ्यासाची सुरुवात जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावीच करावी लागते. पाउल माउझर यांची १८९८ ची रायफल सैन्यासाठी होती, पण पुढच्या शंभर वर्षांतल्या शिकारी रायफलींनी तिच्याकडून जेवढे घेतले तेवढे दुसऱ्या कोणत्याही रायफलीकडून घेतले नसेल. तिच्या बोल्टच्या शेपटीला एक छोटे पाते आहे. ते डावीकडे पडलेले असले की रायफल बार उडवायला तयार. उजवीकडे पूर्ण फिरवले की पिनही अडकते आणि बोल्टही जाम होतो. आणि पाते सरळ उभे केले की पिन अडकलेली राहते, पण बोल्ट मोकळा असतो.

या मधल्या स्थितीपाशी मी वाचकांना थोडे थांबायला सांगेन. पाते फिरते तेव्हा त्याचा अर्धगोल कापलेला दांडा कॉकिंग पीसच्या पुढ्यात येतो आणि त्याला किंचित मागे ढकलतो. हे ढकलणे केसभराचे असते, पण तेवढ्याने कॉकिंग पीस आणि सिअर यांच्यात फट पडते. पिनचा सगळा भार आता सिअरवर नसून सेफ्टीच्या दांड्यावर असतो. चाप ओढा, रायफल आपटा, सिअर हलला तरी सोडायला त्याच्या हाती काहीच नाही. शिवाय उभे पाते नेम धरणाऱ्याच्या नजरेच्या रेषेतच येते, त्यामुळे सेफ्टी लागलेली आहे हे वेगळे आठवावे लागत नाही. आणि याच स्थितीत बोल्ट मागे-पुढे करून रायफल पूर्ण रिकामी करता येते.

या पुस्तकाचे मुख्य म्हणणे इथून निघते, म्हणून ते स्पष्ट मांडतो. सेफ्टीची परीक्षा आपण बार उडवण्याआधीच्या क्षणावरून करतो: पटकन निघाली का, आवाज झाला का, अंगठा पोचला का. माझ्या मते तिची खरी परीक्षा दिवस संपल्यावर होते. माणूस दमलेला असतो, सोबती जवळ उभे असतात, गाडीचे दार उघडे असते, उजेड गेलेला असतो आणि चेंबरमधले काडतूस बाहेर काढायचे असते. या वेळी सेफ्टी लावलेली ठेवूनच बोल्ट उघडता येतो की नाही, हा मी प्रत्येक रचनेला विचारलेला पहिला प्रश्न आहे.

दुसरी बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. बोल्ट मोकळा असला की दाट झाडीत त्याची मूठ फांदीला अडकून वर उचलली जाऊ शकते. मग ऐन वेळी चाप ओढला तर बार उडतच नाही, किंवा काडतूस कधीच पाचोळ्यात पडलेले असते. म्हणून अनेक कारखान्यांनी दोनच स्थिती ठेवून सेफ्टीबरोबर बोल्टही जाम केला. आपल्या ओळखीची ली-एनफिल्ड अशीच आहे. तिची सेफ्टी डाव्या बाजूला, मागे. ती मागे ओढली की कॉकिंग पीस अडकतो आणि बोल्टही. चालण्यासाठी ही व्यवस्था उत्तम. पण रायफल रिकामी करायची तर सेफ्टी काढावी लागते, आणि सेफ्टी काढलेल्या भरलेल्या रायफलीचा बोल्ट हाताळावा लागतो. .३१५ च्या मालकांनी हे प्रकरण विशेष लक्ष देऊन वाचावे.

अमेरिकेतल्या रेमिंग्टन ७०० या १९६२ मध्ये आलेल्या आणि अफाट खपलेल्या रायफलीतही सुरुवातीला हाच पेच होता. तिची सेफ्टी उजव्या बाजूला, अंगठ्याला सहज सापडेल अशी. पण ती लावली की बोल्ट बंद, आणि रिकामी करायची तर सेफ्टी पुढे ढकलणे भाग. याच रायफलीच्या चापात चाप आणि सिअर यांच्यामध्ये एक वेगळी पट्टी होती. घाण, गंज किंवा घट्ट झालेले तेल साचून ही पट्टी आपल्या जागी परतली नाही, तर सेफ्टी काढताक्षणी सिअर खाली येतो आणि चापाला बोट न लावता बार उडतो, असा आरोप पुढे अनेक खटल्यांत झाला. कंपनीने तो नाकारला आणि रचना सुरक्षित असल्याचेच सांगितले. त्या वादाचा निवाडा करणे हे या पुस्तकाचे काम नाही. तुलनेच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते असे, की ही सेफ्टी सिअर उचलून धरते, पिनला हात लावत नाही. आणि रिकामी करताना तीच सेफ्टी काढायला लागत होती. दोन्ही गोष्टी एकाच रायफलीत आल्या. १९८२ पासून कंपनीने बोल्ट जाम करणारा भाग काढून टाकला. पुढे चापही बदलला, आणि २०१४ मध्ये त्या नव्या चापाच्या रायफली जोडणीच्या वेळी वापरलेल्या चिकट द्रव्याच्या कारणावरून परत मागवाव्या लागल्या. चापाच्या पेटीत चार छोटे भाग असतात आणि ते एका केसाच्या अंतरावर एकमेकांना टेकून उभे असतात, हे या प्रकरणातून जितके समजते तितके कोणत्याही आकृतीतून समजत नाही.

माउझरच्या पात्याचा एक दोष मात्र काळाने उघडा पाडला. १८९८ मध्ये शिकारी रायफलीवर दुर्बीण सहसा नसे. ती आली तेव्हा वर्तुळात फिरणारे हे पाते तिला आडवे येऊ लागले. विंचेस्टरने १९३० च्या दशकात आपल्या मॉडेल ७० साठी यावर जो उपाय काढला तो मला आजही सर्वांत समाधानकारक वाटतो. पाते बोल्टवरच, तीन स्थितीही त्याच, अडवायची पिनच. फक्त पाते उभे न फिरता आडवे फिरते. पुढे म्हणजे तयार, मध्ये म्हणजे पिन बंद आणि बोल्ट मोकळा, मागे म्हणजे दोन्ही बंद. रुगरने १९६८ च्या एम ७७ मध्ये आधी दस्त्याच्या मानेवर सरकती सेफ्टी दिली होती. मार्क टूमध्ये तेही तीन स्थितींच्या पात्याकडे वळले. फिनलंडच्या साकोने वेगळी वाट काढली. त्यांच्या ८५ मध्ये सेफ्टी दोनच स्थितींची आणि बोल्ट जाम करणारी आहे, पण तिच्या पुढे एक बारीक बटण आहे. ते दाबले की सेफ्टी लागलेली असतानाच बोल्ट उघडतो. तीन स्थितींत चुकीच्या घरात अडकण्याची भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा सुरेख तोडगा आहे.

इंग्रजी जोडनळीच्या रायफलींचे प्रकरण स्वभावाने वेगळे आहे. तिथे बोल्ट नाही. रायफल मोडून उघडायची. १८७५ च्या अँसन आणि डीली यांच्या बॉक्सलॉकपासून आलेल्या अनेक बंदुकांत मानेवरची सरकपट्टी फक्त चाप अडवते. उंची साइडलॉकमध्ये मात्र आणखी एक राखणदार सिअर असतो: धक्क्याने घोडा निसटला तर तो त्याला वाटेतच पकडतो. पाखरांच्या बंदुकीत उघडझाप केली की सेफ्टी आपोआप लागते. वाघ, हत्ती, रानरेडा यांच्यासमोर वापरायच्या रायफलीत हीच सोय नको म्हणून मालक मुद्दाम सांगत. कारण दोन बार संपल्यावर घाईने दोन काडतुसे घातली आणि सेफ्टी पुन्हा पुढे ढकलायची राहिली, तर समोरचे जनावर दुसरी संधी देत नाही. माणसाची कोणती चूक जास्त महाग पडेल यावरून सेफ्टीची रचना कशी उलटते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

कॉर्बेटच्या वाचकांना चौगडची वाघीण आठवत असेल. १९३० ची गोष्ट. डाव्या हातात रातव्याची अंडी, उजव्या हातात छातीशी आडवी धरलेली रायफल, आणि दगडाच्या वळशाला वाघीण अवघ्या काही फुटांवर. कॉर्बेटने त्या क्षणी रायफल कशी धरली होती हे सांगताना सेफ्टी काढलेली होती याची नोंद आवर्जून केली आहे. अशा प्रसंगी ती आधीच काढलेली असणे म्हणजे जीव वाचणे. पण हे वाचताना हेही ध्यानात असू द्या, की तो एकटा पुढे चालत होता आणि नळीचे तोंड कुठे आहे हे त्याला क्षणोक्षणी ठाऊक होते. पाच-सहा जणांच्या रांगेत हीच सवय दुसऱ्याच्या जिवावर उठते.

लिव्हरच्या रायफलींकडे वाचक बहुधा सिनेमामुळे येतात. त्यांत पूर्वी वेगळी सेफ्टी नसेच. घोडा अर्धा चढवून ठेवायची खाच तीच सेफ्टी. पण एक-एक काडतूस बाहेर काढायला लिव्हर चालवावा लागतो आणि दर खेपेला घोडा पूर्ण चढतो. शेवटी तो अंगठ्याने हळूच उतरवायचा. म्हणजे धोका इथेही रिकामे करतानाच. मार्लिनने १९८० च्या दशकात आणि विंचेस्टरने १९९० च्या दशकात घोडा अडवणारी आरपार कळ बसवली, तेव्हा जुन्या मंडळींनी रूप बिघडले म्हणून नाके मुरडली. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण कळीची बाजू बळकट आहे.

सर्वांत नवा विचार ब्लेझरचा. या जर्मन कंपनीच्या १९९३ च्या आर ९३ मध्ये आणि २००८ च्या आर ८ मध्ये रूढ अर्थाची सेफ्टीच नाही. चेंबरमध्ये काडतूस असते, पण पिनची स्प्रिंग ताणलेलीच नसते. बार उडवायच्या क्षणी अंगठ्याने जोर लावून सरकपट्टी पुढे ढकलायची, तेव्हा स्प्रिंग ताणली जाते. बेत बदलला तर पट्टी परत घ्यायची. ताणलेल्या स्प्रिंगला अडवण्यापेक्षा ती ताणूच नये, हा विचार साधा वाटतो, पण तो अंगठ्याच्या आवाक्यात आणायला फार कसब लागले. आर ८ ची काडतुसांची पेटी काढली तर ताणलेली स्प्रिंग आपोआप सैल होते. दिवसअखेरच्या प्रसंगाचा विचार केलेला आहे हे इथे दिसते. जोर जास्त लागतो ही तक्रार खरी आहे. हातमोजे घातलेल्या, थंडीने बधिर झालेल्या हाताला तो जास्तच वाटतो.

आवाज, डावखुऱ्यांची सोय, पात्याची लांबी यांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे फार लिहीत नाही. एकच सावधगिरी सांगतो. बहुतेक रायफलींत सेफ्टी पुढे ढकलली की बार मोकळा होतो. झेकोस्लोव्हाकियाच्या जुन्या ब्रनो झेडकेके रायफलींत ती मागे ओढावी लागे. दोन वेगवेगळ्या रायफली वापरणाऱ्याच्या अंगठ्याची सवय ऐन वेळी चुकते. उसनी रायफल हाती आली तर आधी ती रिकामी असताना तिची दिशा शिकून घ्या.

आता वाचनाच्या पद्धतीविषयी. ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे त्यांनी प्रत्येक प्रकरण रायफल शेजारी ठेवून वाचावे. चेंबर आणि पेटी रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोट घालून करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत असावीत. मग एक छोटी तपासणी करा. स्प्रिंग ताणा, सेफ्टी लावा, चाप नेहमीच्या जोराने ओढा आणि सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडता कामा नये. ती पडली, तर चाप ओढल्यावर आतला एखादा भाग जागेवर परतलेला नाही असे समजा आणि रायफल जाणत्या गन्समिथकडे न्या. घरी स्क्रू फिरवत बसू नका. ज्यांच्याकडे रायफल नाही त्यांनी आकृत्या हाताने काढून पाहाव्यात. सिअर आणि कॉकिंग पीस यांच्यातली फट कागदावर एकदा काढली की पुढचे सारे सोपे जाते.

नेमबाजीच्या क्लबात जाणाऱ्या तरुण वाचकांना एक गोष्ट आधीच ठाऊक असेल. तिथे रायफल खाली ठेवताना बोल्ट उघडा ठेवतात आणि चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतात. सेफ्टी लावली आहे असे तोंडी सांगितलेले तिथे कुणी ऐकून घेत नाही. पुढच्या पानांत ज्या रचनांचे मी मनापासून कौतुक केले आहे, त्यांपैकी एकीलाही हा नियम शिथिल करण्याचा अधिकार मी दिलेला नाही. लोखंड झिजते, खाचा गोल होतात, तेल गोठते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला असेल, तरच सेफ्टीच्या गुणदोषांची चर्चा निवांत करता येते.

पहिले प्रकरण माउझर ९८ चे आहे. बाकीची प्रकरणे तुम्ही आपल्या आवडीने मागेपुढे वाचलीत तरी चालेल, पण ते आधी वाचा. पुढच्या प्रत्येक रचनेची तुलना मी त्याच्याशीच केली आहे.